सव्वाचार तास

१

कपाटाचा तिसरा कप्पा रिकामा निघाला आणि त्याचं खापर भाचीच्या डोक्यावर फुटलं. त्याला आता तीन आठवडे झाले होते. ऑडिट फर्मनं तिला घरी बसवलं, हिशेबतपासनिसांच्या परिषदेकडे तक्रार ठोकली आणि हात झटकले. शुक्रवारी सुनावणी होती. तोवर हरवलेली फाइल मिळाली नाही तर भाचीचा परवाना जाणार होता. एकदा तो गेला की जन्मात कुठल्याही ताळेबंदाखाली तिला सही करता आली नसती.

मंगळवारी सकाळी आत्या तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. आत्यानं तीस वर्षं सरकारी हिशेबतपासणी खात्यात काढली होती. तिथे तिच्या पाठीमागे सगळे तिला टाचणीबाई म्हणत. तिच्या पर्सच्या कडेला कायम चार टाचण्या खोचलेल्या असत, आणि तिचे प्रश्नही तसेच टोचत.

"आत्या, मी फाइल नेली नाही गं," भाची म्हणाली.

"ते मी विचारलंय का? तू कोणाच्या घरची आहेस ते मला ठाऊक आहे. फाइलमध्ये काय होतं ते सांग."

भाचीनं डोळे पुसले आणि सांगायला लागली. एका बिस्किट कंपनीचं ऑडिट तिच्याकडे होतं. कंपनी तीन गोदामांचं भाडं भरत होती, तेही बाजारभावाच्या दुप्पट. भाचीनं खोदून काढलं, तर तिन्ही गोदामं अध्यक्षांच्या सख्ख्या मेव्हण्याच्या नावावर. मालकाच्या नात्यागोत्यातल्या माणसांशी कंपनीनं काही व्यवहार केला, तर तो ऑडिटरला सांगावाच लागतो. या कंपनीनं मात्र लेखी दिलं होतं, की असा एकही व्यवहार नाही.

"दोन गोदामं निदान होती तरी. तिसऱ्याच्या पत्त्यावर गेले तर तिथे पोहण्याचा तलाव! भाडं बिस्किटांच्या गोदामाचं, आणि आत पोरं उड्या मारतायत. आत जायला मला तिकीट काढावं लागलं."

"तिकीट फाइलला लावलंस?"

"लावलं ना. तू शिकवलंस तसंच, टाचणीनं, टोक कागदात दडवून."

"आणि तिकिटाचे पैसे फर्मकडे मागितलेस?"

"एवढ्याशा पैशांसाठी कुठे अर्ज करत बसू?"

आत्यानं नापसंतीनं मान हलवली. "फाइलची नक्कल?"

"नक्कल करायची नाही, फोटो काढायचा नाही, कागद बाहेर न्यायचा नाही. फर्मचा नियम आहे. मी पाळला."

आत्याचा पारा चढला तो इथे. पोरीनं नियम पाळला म्हणून ती अडकली होती. मोडला असता तर आज सुटली असती. आणि तिला अडकवणारे तिच्यावर नियमभंगाचाच आरोप ठेवत होते!

तक्रारीसोबत फर्मनं कंपनीशी केलेल्या कराराचं पत्र जोडलं होतं. गुप्ततेचं कलम दाखवायला म्हणून. आत्यानं ते कलम वाचलंच नाही. तिनं पान उलटलं आणि फीचा तक्ता काढला.

"गेल्या वर्षी फी बारा लाख. यंदा एकतीस?"

"तज्ज्ञ लावलाय म्हणून. खाली बघ."

खाली लिहिलं होतं: नात्यातल्या व्यवहारांच्या तपासणीसाठी तज्ज्ञ भागीदार, दोनशे तास.

आत्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "जाणत्या माणसाला जास्त पैसे पडतात, त्यात काही गैर नाही. असे व्यवहार हुडकायला वेळही जातो. पण कंपनी म्हणते व्यवहारच नाहीत. मग दोनशे तास कशाचे? तुला मेव्हणा सापडला कधी?"

"जूनमध्ये."

आत्यानं पत्रावरच्या तारखेवर बोट ठेवलं. जानेवारी.

"म्हणजे तुझ्या पाच महिने आधी फर्ममध्ये कुणाला तरी तो ठाऊक होता."

२

सुनावणीत भाचीची बाजू आत्या मांडणार होती, आणि परिषदेच्या नियमाप्रमाणे तिला आधी साक्षीदारांना भेटायची मुभा होती. बुधवारी दहाच्या ठोक्याला ती फर्मच्या दप्तरखोलीत हजर झाली. खोलीला खिडकी नव्हती. भिंतभर लोखंडी कपाटं, आणि मधोमध एका छोट्या टेबलामागे दप्तरवाल्या बाई, मांडीवर शाल घेऊन. त्यांना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते, आणि ते चार महिने सुखानं जावेत एवढीच त्यांची इच्छा दिसत होती.

"माझी वही चोख आहे," विचारायच्या आतच त्या म्हणाल्या. "त्या मंगळवारी पाचला तुमच्या भाचीनं किल्ली परत केली. ही तिची सही. बुधवारी सकाळी साडेदहाला तिनंच पुन्हा घेतली आणि कप्पा रिकामा म्हणून ओरडत आली. मधे कुणाचीच सही नाही."

"मंगळवारी पाचला फाइल कपाटात होती?"

"होती. मी स्वतः बघितली. एवढी जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याची."

"हे तुम्ही तक्रारीच्या चौकशीत सांगितलंत?"

बाई शालीचे गोंडे चाळवू लागल्या. "मला कुणी विचारलंच नाही."

आत्याची कानशिलं तापली. एका मुलीचा परवाना टांगणीला लागला होता आणि जिनं फाइल जागेवर पाहिली तिला विचारण्याची तसदी कुणी घेतली नव्हती! पण तिनं राग दाखवला असता तर बाई गप्प झाल्या असत्या. आत्यानं आवाज खाली आणला.

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"तीन. ही माझ्याकडची. एक थोरल्या साहेबांकडे, एक सोयरेसाहेबांकडे."

"त्यांच्या सह्या वहीत कुठे दिसत नाहीत."

"भागीदारांनी सही करायची नसते हो. वही खालच्या लोकांसाठी."

"म्हणजे ही वही फक्त लहानांनाच पकडते."

आत्या दारापर्यंत गेली तेव्हा मागून हलकेच आवाज आला. "त्या बुधवारी सकाळी मी आले तेव्हा कपाटाला कुलूप होतं. पण कप्प्याखाली खोचलेली नावाची पुठ्ठ्याची पट्टी जमिनीवर पडलेली. तुमची भाची ती कधी पाडत नाही. फार नीटनेटकी पोर आहे."

म्हणजे किल्लीवाले दोन. त्यातला कोण?

३

थोरले साहेब फर्मचे प्रमुख होते. पांढरे केस, मऊ आवाज, आणि समोरच्या माणसाला आपण किती क्षुद्र आहोत हे चहा पाजत पाजत जाणवून देण्याची हातोटी.

"मुलगी हुशार आहे हो," ते म्हणाले. "पण उतावीळ. या वयात प्रत्येकाला वाटतं आपण मोठा घोटाळा पकडला."

"एकतीस लाखांच्या पत्रावर सही तुमची आहे."

"सगळ्याच पत्रांवर असते. तास किती लागतील ते ज्याचा तो भागीदार लिहून देतो. मी बेरीज बघतो."

"नुसती बेरीज?"

"बाई, तुम्ही सरकारी नोकरीत होतात. फर्म चालवणं वेगळं असतं." त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. त्याच कंपनीची बिस्किटं. आत्यानं बशीला हात लावला नाही.

शेजारच्या खोलीत सोयरेसाहेब बसत. खरं आडनाव कुणी वापरत नसे. कंपन्यांच्या मालकांचे साले, मेव्हणे, व्याही, सुना शोधून काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून हे नाव. कोण कुणाचा कोण हे सांगणारे तीन जाडजूड ग्रंथ त्यांनी लिहिले होते आणि ते टेबलावर असे मांडले होते, की पाहुण्याला त्यांच्यावरूनच साहेबांचं तोंड दिसावं.

आत्या बसताच त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि गुलाबी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून एक ओढली.

"माफ करा, सवय आहे. पाव तासाचासुद्धा हिशेब ठेवतो. एकोणतीस वर्षांत माझी पंधरा मिनिटं बिनबिलाची गेली नाहीत. तुमची भेट कुणाच्या खात्यावर टाकू?"

"माझ्या नका टाकू, म्हणजे झालं."

ते मनापासून हसले. दात सुरेख होते.

"बिस्किट कंपनीच्या कामात तुमचे दोनशे तास धरलेत," आत्या म्हणाली.

"धरले असतील. कागदावर बरंच काही धरतात. मला प्रत्यक्ष ते काम दिलंच नाही. ती फाइल मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेली नाही."

"मग फाइल गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मंगळवारी संध्याकाळी घरी. बुधवारी दिवसभर याच खोलीत, पुस्तकाची मुद्रितं तपासत. दार बंद होतं, कुणी आलं नाही. त्यामुळे साक्षीदार मागू नका." त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं आणि गुलाबी चिठ्ठीवर बारीक अक्षरात काहीतरी खरडलं. "पंधरा मिनिटं झाली."

रस्त्यावर आल्यावर आत्या फुटपाथवर थबकली. जिनं शोधलं ती घरी बसली होती, आणि ज्याला शोधण्याचे पैसे मिळाले तो म्हणत होता मी फाइल उघडलीही नाही. मग ते दोनशे तास गेले कुठे? त्यांचं बिल लागलं की नाही? हे फर्ममध्ये विचारण्यात अर्थ नव्हता. ज्याच्या खिशातून पैसे गेले त्याला विचारायला हवं होतं.

४

बिस्किट कंपनीचा खजिनदार हा सुकलेला, चिडका माणूस होता. कारखान्यातून भाजलेल्या पिठाचा वास त्याच्या खोलीपर्यंत येत होता. आत्यानं फीचा विषय काढायचा अवकाश, तो उसळलाच.

"लुटतात हो, लुटतात! बारा लाखांचे एकतीस झाले, आणि मी तोंड उघडलं तर अध्यक्ष म्हणतात, गुपचूप भरा. दर महिन्याला हे असं बिल येतं. बघा तुम्हीच."

त्यानं गठ्ठा टेबलावर आपटला. आत्यानं एकेक बिल पुढ्यात घेतलं. जानेवारी: तज्ज्ञ, चाळीस तास, सल्लामसलत. फेब्रुवारी: तज्ज्ञ, चाळीस तास, सल्लामसलत. मे महिन्यापर्यंत तेच. पाच चाळीसं दोनशे.

"हे तज्ज्ञ इथे कधी आले होते?"

"तज्ज्ञ? मी त्यांचं तोंडही पाहिलेलं नाही. आली ती एक मुलगी. डबा घेऊन यायची आणि सहापर्यंत मान वर करायची नाही."

पैसे तज्ज्ञाचे घेतले, आणि काम करायला पाठवली नवखी पोर. कशासाठी, तर तिला काही सापडणार नाही म्हणून. त्या बिचारीनं सगळं शोधून काढलं, हाच तिचा अपराध!

"मेव्हण्याचं तुम्हाला ठाऊक होतं?" आत्यानं एकदम विचारलं.

खजिनदार गोरामोरा झाला. "असा व्यवहार नाही, असं लिहून दिलेल्या कागदावर माझी सही आहे. अध्यक्षांनी समोर ठेवला, मी केली. मला दोन लेकी आहेत, बाई."

"माझ्या भावाला एकच आहे."

आत्यानं शेवटचं बिल उचललं, जूनचं. दोनशे तास संपले होते, म्हणून या वेळी गोल आकडा नव्हता. करारापेक्षा जास्त वेळ लागला तर कारण लिहावं लागतं, अशी तळटीप फर्मनंच छापली होती. खाली कारण लिहिलेलं होतं.

आत्यानं ती ओळ वाचली. मग किरकोळ खर्चाची ओळ वाचली, आणि पर्समधून टाचणी काढून त्या दोन ओळींच्या कडेला टोचली.

"शुक्रवारी सुनावणीला याल?" तिनं विचारलं. "हे बिल आणि याला जोडलेल्या पावत्या घेऊन?"

"कशाला?"

"तुमचं एक लॉकर आहे, ते तुम्हाला माहीत नाही म्हणून."

५

परिषदेच्या सभागृहात लांबलचक टेबल होतं आणि त्याच्या टोकाला अध्यक्षबाई. एका बाजूला थोरले साहेब आणि सोयरेसाहेब, दुसऱ्या बाजूला भाची आणि आत्या. भाचीचे हात मांडीवर घट्ट गुंफलेले होते. खजिनदाराची खुर्ची रिकामी होती.

"फाइल शेवटी कुणाच्या हाती होती, एवढाच प्रश्न आहे," थोरले साहेब मऊपणे म्हणाले. "आमची वही बोलते."

"तुमची वही भागीदारांबद्दल मुकी आहे," आत्या उठली. "म्हणून मी दुसरा कागद वाचला. सोयरेसाहेब, परवा तुम्ही म्हणालात, ती फाइल तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली नाही. अजूनही तेच म्हणता?"

"अर्थात."

दार उघडलं. खजिनदार आत आला, धापा टाकत, छातीशी गठ्ठा धरून. आत्यानं जूनचं बिल घेतलं.

"फाइल गेली त्या बुधवारची नोंद. तज्ज्ञ, सव्वाचार तास. कारण: गोदामांच्या निळ्या फाइलचं वाचन."

सोयरेसाहेबांचे सुरेख दात दिसेनासे झाले.

"आधीचे दोनशे तास खोटे आहेत," आत्या म्हणाली. "कसे ते सांगते. दर महिन्याला बरोबर चाळीस तास कुणाचं काम चालत नाही. ते बसून लिहिलेले आकडे. पण सव्वाचार? सव्वाचार तास माणूस घड्याळ बघून लिहितो. त्या बुधवारी दार बंद करून तुम्ही या मुलीची फाइल वाचत होतात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आणि एकोणतीस वर्षांची सवय सुटेना म्हणून चोरीच्या वेळेचंही बिल लावलंत!"

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "पण तज्ज्ञाला चोरी करायची गरज काय?"

"कारण मेव्हणा यांना जानेवारीतच माहीत होता. तज्ज्ञच ते! एरवी असे व्यवहार असले की ऑडिटची फी वाढते, कारण काम वाढतं. इथे काम होऊ नये म्हणून फी वाढवली. शहाणपणाचा भाव लावला आणि शहाणपण खोलीत कोंडून ठेवलं. कंपनीच्या अध्यक्षांनी निमूट भरलं, कारण ते फी भरत नव्हते, गप्प बसण्याची किंमत देत होते. मग या पोरीनं सगळं उघड्यावर आणलं. फाइल वर गेली असती तर पुढच्या वर्षी विकायला गुपितच उरलं नसतं."

"मला यातलं काही ठाऊक नव्हतं," थोरले साहेब घाईनं म्हणाले.

"नात्यातले व्यवहार नाहीत असा कंपनीचा कागद तुमच्याकडे होता, आणि त्याच व्यवहारांचे दोनशे तास लावणाऱ्या पत्रावर तुम्ही सही केलीत. दोन्ही कागद एकाच टेबलावर. बेरीज बघता म्हणालात ना? मग ही बेरीज कशी दिसली नाही?"

सोयरेसाहेबांनी घसा साफ केला. "हे सगळे तर्क आहेत. फाइल कुठे आहे? फाइल नसेल तर चोरीही नाही."

भाचीनं आत्याकडे पाहिलं.

"फाइल तुम्ही जाळली नाही," आत्या म्हणाली. "कशी जाळाल? ती पुढच्या वर्षीची फी आहे. कंपनीचे अध्यक्ष कधी कुरकुरले तर दाखवायला हवी. म्हणून ती जपून ठेवलीत आणि जपण्याचा खर्चही अंगावर घेतला नाहीत. हे बघा. त्याच आठवड्यातला किरकोळ खर्च: बँकेचं लॉकर, एक वर्ष."

"लॉकर खासगी असतं. ते मी उघडणार नाही."

"तुम्ही नका उघडू," आत्या म्हणाली आणि खजिनदाराकडे वळली. "पावती कुणाच्या नावावर आहे हो?"

खजिनदारानं पावती दोन्ही हातांनी धरली. "खर्च गिऱ्हाइकाकडून घ्यायचा तर पावती गिऱ्हाइकाच्या नावावर लागते." त्यानं नाव वाचलं. "पावती आणि लॉकर, दोन्ही आमच्या नावावर आहेत. कंपनीच्या."

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं एकदा भाचीकडे पाहिलं. डबा घेऊन येणारी, सहापर्यंत मान वर न करणारी मुलगी.

"कंपनीच्या वतीनं मी सांगतो," तो म्हणाला. "उघडा."

६

बँक दोन गल्ल्या पलीकडे होती. परिषदेचे दोन सदस्य सोयरेसाहेबांकडून लॉकरची किल्ली मागून घेऊन खजिनदाराबरोबर गेले आणि तासाभरात निळी फाइल टेबलावर आली. अध्यक्षबाईंनी पानं उलटली. सत्तेचाळिसाव्या पानावर पोहण्याच्या तलावाचं पिवळं तिकीट होतं, टाचणीनं लावलेलं, टोक कागदात दडवलेलं. भाचीला रडू फुटलं ते तेव्हा.

तक्रार तिथल्या तिथे फेटाळली गेली. दोन्ही भागीदारांच्या सह्या चौकशी संपेपर्यंत गोठवल्या गेल्या. सोयरेसाहेबांना बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा उठता उठता त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात खिशातल्या गुलाबी चिठ्ठ्यांकडे गेला.

"ही वेळ कुणाच्या खात्यावर टाकणार?" आत्यानं विचारलं.

हात तसाच खाली आला.

अध्यक्षबाईंनी भाचीपुढे एक कागद सरकवला. आरोपातून सुटलेल्याला झालेला खर्च फर्मकडून मागता येतो. भाचीनं सवयीनं मान हलवली. "राहू दे हो. विशेष काही नाही."

आणि मग आत्याचा तीन दिवस दाबून ठेवलेला राग उफाळून आला, तोही भाचीवरच.

"राहू दे? अगं, त्या तिकिटाचे पैसे तू जूनमध्ये मागितले असतेस, तर तू तलावावर गेली होतीस याचा पुरावा फर्मच्याच दप्तरात पडला असता! त्यांना तुझ्याकडे बोट दाखवता आलं नसतं. चोरानं चोरीचंसुद्धा बिल लावलं म्हणून सापडला, आणि तू खऱ्या कामाचं लावलं नाहीस म्हणून बुडणार होतीस. लिही!"

भाची दचकली. मग तिनं पेन उचललं. पहिल्या ओळीत तिकीट लिहिलं. दुसऱ्या ओळीत, कुणी न सांगता, तीन शनिवार लिहिले, जे तिनं गोदामं शोधत उन्हात काढले होते आणि कुठेच नोंदवले नव्हते. तासांच्या रकान्यात तिनं एकेका दिवसाचा आकडा आठवून भरला. साडेसहा. पावणेआठ. सव्वापाच.

आत्यानं वाकून पाहिलं. एकही आकडा गोल नव्हता.

"आता खाली सही कर," आत्या म्हणाली. "तुझी आहे ती."